चाचांच्या घरचं लेकरू

देवीवाले चाचा अडून बसलेल्या गावात शिरायचे ते एका हातात लाकडी पेटी आणि खांद्यावर घरचं लेकरू घेऊन. पेटी सरकारी, लेकरू त्यांचं. नातू, नात, पुतण्याचा पोरगा, भाचीची पोरगी, त्या साली देवी काढायच्या, म्हणजे लस टोचायच्या वयाचं घरात जे कोणी असेल ते. मागून पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीत लेकराची आई यायची, कारण लेकराला भूक लागली की चाचांचा काही इलाज चालत नसे. मी पहिल्यांदा हा लवाजमा पाहिला तेव्हा मला वाटलं, ही मंडळी कुठं तरी लग्नाला निघालीत आणि साहेबानं मला चुकून त्यांच्याबरोबर धाडलंय.

हे पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं. मी अनसिंगचा, मराठी शाळा शिकलेला, बापाच्या मते शेतीला नालायक. देवीच्या खात्यात उमेदवार घेतात असं कळलं म्हणून अर्ज केला आणि वाशीमला चाचांच्या हाताखाली पडलो. पुढं त्यांच्याच जागेवर नोकरी संपेपर्यंत राहिलो. माझ्या हाताला जे काही येतं ते सगळं त्यांचं आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर सांगायच्या भरात राहून जाईल आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा म्हाताऱ्यावर कसला तरी राग धरून बसलाय. राग नाही. काय आहे ते मात्र मला धड सांगता येत नाही.

चाचांच्या तोंडावर देवीचे वण होते, इतके दाट की दाढी जिथं जागा मिळेल तिथं उगवायची. डावा डोळा त्यातच गेलेला. त्याच साथीत त्यांची भावंडं गेली आणि हे एकटे उरले. त्यांना पाहून बाया लेकरं पोटाशी धरायच्या. चाचा त्याचाही उपयोग करून घेत. "पाहून घ्या माय हो," म्हणायचे, "लेकराले असं तोंड पायजे असंन तर मी हा चाललो परत." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि बाई हसली की निम्मं काम झालेलं असायचं.

गावात शिरल्यावर ते आधी मातामायच्या, म्हणजे देवीच्या रोगाच्या मायच्या ठाण्यापाशी थांबत. निंबाखाली शेंदूर फासलेले चार दगड, दुसरं काही नाही. नमाज न चुकवणारा हा माणूस तिथं वहाणा काढून बाजूला उभा राहायचा आणि मला नारळ फोडायला लावायचा. स्वतः हात जोडत नसत, पण मान खाली घालत. तुम्हाला हे चालतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बापू, आपल्यासाठी हा रोग हाय. त्यायच्यासाठी माय हाय. तिच्या लेकराले हात लावाचा तर तिले इचारल्याशिवाय कसा लावाव?" मोहल्ल्यातल्या कुणी तरी यावरून त्यांना चार शब्द सुनावले होते. ते त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या गावी पुन्हा मला नारळ फोडायला लावला.

काम तसं अवघड नाही. दंड पुसायचा, सुरी दिव्यावर धरून गार होऊ द्यायची, नखानं ओरखडावं तेवढंच चार ठिकाणी ओरखडायचं, रक्त वाहू द्यायचं नाही आणि वरून लस पसरायची. खरी पंचाईत त्यानंतरची. लस वाळेपर्यंत दंड उघडा राहिला पाहिजे, आणि आई ती आई, लेकरू रडलं की पदरानं पुसून मोकळी. केलं सवरलं सगळं पाण्यात. म्हणून चाचा बोलत बसायचे. माहेर कुठलं, म्हैस व्याली का, सासू कशी आहे, जात्याला टाकी लावली का. बाई सासूवर आली की तिला लेकराच्या दंडाची आठवण राहत नसे. मला वाटायचं, म्हातारा भारी बोलका आहे. पुढं त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं तेव्हा पाहिलं, घरी ते तासन्‌तास तोंड उघडत नसत. बोलणं सगळं कामाचं होतं आणि ते कामावरच संपून जायचं.

धाकदपटशा त्यांना खपत नसे. एका पाटलानं आपण होऊन कोतवालाला घरोघर पाठवलं आणि न येणाऱ्याला दंड करीन म्हणून दवंडी द्यायला निघाला, तेव्हा चाचांनी पेटी बंद केली आणि बैल जुंपायला सांगितले. पाटलाला वाटलं, मान राखला नाही म्हणून रागावले. वाटेत मला म्हणाले, "धाकानं टोचलं तं आठव्या दिवशी माय लेकरू दाखवत नाई. आन आठव्या दिवशी पाह्यलं नाई तं टोचलं काय आन नाई टोचलं काय, सारखंच." आठव्या दिवशी फोड धरलाय की नाही ते पाहायला ते जातच. नदीला पाणी असो, अंगात ताप असो. मीही पुढं तसाच गेलो. माझी बायको म्हणायची, घरच्या तेराव्यालाही तुम्ही इतक्या नेमानं येणार नाही.

लेकरू बरोबर न्यायची पद्धत कशी पडली तेही त्यांनीच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात एक बाई दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, तुमच्या घरच्याले टोचलं काय आधी? चाचा परत आले आणि दुसऱ्या दिवशी आपला धाकटा मुलगा घेऊन गेले. तिच्याच अंगणात, तिच्याच मांडीवर ठेवून त्याला टोचलं. त्यानंतर त्या गावात एक घर राहिलं नाही. तेव्हापासून दर साली घरातलं एक लेकरू ते मागं ठेवत. बाकी सगळ्यांच्या देवी दसऱ्यानंतर लगेच काढून होत, आणि हे एक त्या हंगामातल्या सगळ्यांत अडून बसलेल्या गावासाठी राखलेलं असे. ते लेकरू तिथं मातामायच्या ठाण्यापाशी सगळ्यांदेखत टोचायचं. मला तेव्हा ही युक्ती फार थोर वाटायची. मी अनसिंगला जाऊन चारचौघांत तिची तारीफही केली होती.

त्या साली ते गाव रिठद होतं. रिठदच्या लोकांना उगाच नावं ठेवायला नकोत. आदल्या वर्षी तिथं एक लेकरू टोचल्यावर चार दिवसांनी तापानं गेलं होतं. ताप दुसराच असेल, पण ते कोण सांगणार आणि कोण ऐकणार? त्यांनी दारं लावून घेतली. चाचांनी तिथं माघाच्या सुरुवातीचा वार कबूल केला होता, आणि लेकरू होतं त्यांची नात. घरात तिला छोटी म्हणत. आदल्या हंगामात पुतण्याच्या पोराचा नंबर लागला होता आणि पुढच्या सालासाठी घरात दुसरं लेकरू नव्हतं, म्हणून हिला न टोचता तशीच राखून ठेवली होती.

मी त्यांच्याकडे जेवायला असलो की छोटीची आई, सुगराबी, पडद्याआडून ताट सरकवायची. मला भाऊ म्हणायची. मार्गशीर्षातला एक दिवस मला चांगला आठवतो. आम्ही कुठल्याशा गावाहून आलो होतो, चाचा हात धूत होते आणि पडद्यामागून सुगराबी म्हणाली, "अब्बा, साऱ्या गावायले टोचून राह्यले. घरच्या पोरीले कवा?"

चाचा म्हणाले, "रिठदले जाऊ तवा. तिथं तिचं काम हाय."

सासऱ्यापुढं ती एवढं बोलली हेच त्या घरात पुष्कळ होतं. मी जेवत होतो. वांग्याची भाजी होती.

माघ लागला आणि रिठदची फेरी पुढं गेली. आधी एक बैल लंगडायला लागला, मग वरून हुकूम आला की अनसिंगकडची गावं आधी उरका. चाचांनी निरोप पाठवून रिठदला पुढच्या आठवड्यातला वार दिला. पेटीत लस होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती लस रोज सकाळी त्या घरातून बाहेर जात होती आणि संध्याकाळी परत येत होती. तिकडं मोहल्ल्यातल्या एका घरी देवी आल्या होत्या आणि त्या घरानं त्याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. खूण म्हणून दाराला निंबसुद्धा बांधला नाही. देवीवाल्याच्या शेजारात देवी आल्या असं कसं सांगायचं, याची म्हणे त्यांना लाज वाटली.

आम्ही अनसिंगहून परतलो त्या संध्याकाळी छोटीच्या अंगात ताप होता. चाचांनी तिच्या कपाळाला हात लावला, पाठ दाबून पाहिली, तोंड उघडून दिव्याजवळ धरलं. मी दारात उभा होतो. त्यांच्या चेहऱ्यावर वण इतके की त्यावर दुसरं काही उमटलेलं दिसत नसे, पण त्यांनी देवी ओळखल्या हे माझ्या ध्यानात आलं. सुगराबी पडदा सोडून बाहेर आली. माझ्यासमोर ती कधी आली नव्हती. तिनं पेटी उचलून त्यांच्यापुढं ठेवली.

"आता तरी टोचा ना, अब्बा."

ताप चढल्यावर टोचून काही होत नाही. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, तिला नव्हतं. चाचांनी पेटी उघडली, लसीची नळी हातात घेतली, त्या नळीकडं पाहत राहिले आणि परत ठेवून दिली. गावोगावच्या बायांशी घटकाघटका बोलणारा हा माणूस त्या दिवशी आपल्या सुनेला एक शब्द सांगू शकला नाही.

पोरगी वाचली नाही. चाचांनी तिला दोन्ही हातांवर घेऊन कबरस्तानापर्यंत नेलं, दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. मीही गेलो. माती दिली. मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, नंतर कितीतरी वर्षं नाही. माझ्या डोक्यात सारखं येत होतं की रिठदला निरोप पाठवायला हवा आणि एवढ्या ऐनवेळी माणूस कुठला मिळणार. असले विचार त्या वेळी का येतात, देव जाणे. मी चाचांना म्हणालो, निरोप देऊ का? ते म्हणाले, "येतो म्हून सांगतलं हाय त्यायले."

अंगावरचे कपडे त्यांनी सोड्यात उकळायला टाकले, अंघोळ केली, पेटारीतले दुसरे घातले. मलाही तसंच करायला लावलं. सकाळी दमणी न घेता साधी बंडी जुंपली आणि निघालो. वाटेत हरभरा घाट्यावर आला होता. मध्ये एका विहिरीवर थांबून त्यांनी भाकर खाल्ली, ठेचा खाल्ला, पाणी प्याले, आणि मला म्हणाले, तूही खाऊन घे, तिथं वेळ मिळणार नाही. मी खाल्लं. तिखट लागलं तेवढं कळलं.

रिठदला मातामायच्या ठाण्यापाशी माणसं जमली होती. लेकरं मात्र एकानंही आणली नव्हती. नेहमीसारखा मी नारळ फोडला. चाचा पेटी उघडून बसले तशी एक म्हातारी पुढं आली. तिनं बंडीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "चाचा, लेकरू कुठं हाय? तुमी तं घरचं आणता म्हणे."

चाचा दिवा पेटवत होते. म्हणाले, "काल गेलं. देवी आल्या होत्या."

"टोचलं नव्हतं काय त्याले?"

"नाई. तुमच्यासाठी ठेवलं होतं."

त्यात राग नव्हता. कोणी बाजारभाव विचारावा आणि आपण सांगावा, तसं ते बोलले. म्हातारी तिथंच खाली बसली. मग उठली, घरी गेली आणि कडेवर नातू घेऊन आली. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. कुणी कुणाला बोलावलं नाही. दिवस कलेपर्यंत चाचा टोचत होते आणि त्यांचा हात एकदाही हलला नाही. त्या दिवशी मात्र ते कुणाला माहेर विचारत नव्हते. गरजही नव्हती. लस वाळेपर्यंत एकाही बाईनं पदर लावला नाही.

परतीच्या वाटेवर ते आपण होऊन बोलले. म्हणाले, "बापू, हे सांगत जा. मी नसलो तरी सांगत जा. यानं टोचून घेतात लोक." मी हो म्हणालो. नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. आज वाटतं, ते मला हत्यार देत होते, आणि आपल्याजवळ दुसरं काही उरलं नाही हे त्यांना कळलेलं होतं. त्यानंतर त्यांच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या देवी पहिल्या हंगामात, पहिल्या दिवशी, घरीच काढल्या गेल्या. खांद्यावर लेकरू घेऊन ते पुन्हा कधी दिसले नाहीत. थोड्या वर्षांनी निवृत्त झाले, जाताना सुरी माझ्या हातात दिली आणि धार कशी ठेवायची ते पुन्हा एकदा सांगितलं, जसं काही मी कालच आलो होतो. त्यांच्या मयताला मी फेरीवरून पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी सांगत गेलो. गाव अडून बसलं की सांगायचो. देवीवाले चाचा होते, त्यांची नात होती, रिठदसाठी ठेवली होती, गेली. आणि खरंच, बाया उठायच्या आणि लेकरं आणायच्या. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे जमून गेलं. बैल लंगडला ते मी गाळलं, वरचा हुकूम गाळला. ऐकणाऱ्यांच्या मांडीवर तान्ही लेकरं असायची, म्हणून माझ्या गोष्टीतही नात तान्हीच झाली. सांगताना मी पुढच्या गावाचा हिशेब करायचो, बैलांच्या कडब्याचा विचार करायचो. मला काहीच होत नसे. एवढं चांगलं हत्यार मी दुसरं वापरलं नाही आणि गुरूचे उपकार आहेत म्हणून दर वेळी मनात म्हणायचो, तेही सवयीनं.

मग एका हंगामात इंझोरीला गेलो. तिथंही लोक तयार नव्हते. एका मुसलमान शेतकऱ्याच्या अंगणात बाया बसल्या होत्या, लेकरं पदराखाली झाकलेली. मी सुरू केलं. देवीवाले चाचा होते, म्हणालो, आणि माझी नजर दाराकडं गेली. चौकटीला धरून सुगराबी उभी होती. ते तिचं माहेर आहे हे मला माहीत असायला हवं होतं, पण इतक्या वर्षांत मी ते विसरलो होतो. केस पिकायला लागले होते. मी थांबलो आणि पेटीतल्या वस्तू उगाच इकडच्या तिकडं करायला लागलो.

ती म्हणाली, "थांबले काहून, भाऊ? सांगा. आमच्या घरात कोणीच बोलत नाई तिचं. मले बी ऐकू द्या."

माझी सुटका नव्हती. मी सगळी गोष्ट सांगितली, नेहमी सांगतो तशी, तिच्याकडं न पाहता. तुमच्यासाठी ठेवलं होतं, हे चाचांचं वाक्यही म्हटलं. ते तिनं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं असावं. मग ती पायरी उतरून खाली आली.

"तान्ही नव्हती ती, भाऊ. चालत होती. भिंतीले धरून नाई, सुटी चालत होती. अब्बा आले का दारात जाऊन पेटीले हात लावाची. सांगाचं तं नीट सांगत जा."

मी बरं म्हणालो. बाया उठल्या, लेकरं घेऊन आल्या. पहिलं लेकरू आईच्या मांडीवर बसवलं, त्याचा दंड पुसला, सुरी दिव्यावर धरली. सुरी गार होऊन गेली तरी माझा हात उचलेना. डोळ्यांपुढचं दिसेना. इतकी वर्षं झाली होती, आणि मला वाटलं होतं की ते रडू आता कधी येणार नाही. बाया तशाच बसून राहिल्या, कुणी घाई केली नाही. सुगराबी माझ्यासमोर खाली बसली, तिनं त्या लेकराचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाली, "टोचा, भाऊ."